बिल वाचायचं कोणी?

आज आपण नांदेड-लातूरच्या अगदी अलीकडच्या इतिहासाकडे वळू.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात एकटं नांदेड होतं. लातूरची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये, योजना राज्यभर गेली तेव्हा आली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत ठरावीक उपचार मोफत मिळू लागले.

त्याआधी मोठ्या ऑपरेशनसाठी शेत गहाण पडायचं, सोनं मोडायचं. पण पैसा आपल्या हातून जायचा, म्हणून आकडा न् आकडा विचारला जायचा. नव्या व्यवस्थेत बिल रुग्णालयाकडून परस्पर विमा कंपनीकडे जाऊ लागलं. दुखणं आपलं, सही आपली; हिशोब मात्र दुसरीकडे. फसवणुकीला फट मिळते ती इथेच. न केलेला उपचार दाखवायचा, किंवा योजनेतून पैसे घेऊन वर नातेवाइकांकडूनही मागायचे.

‘सरकारचा पैसा, आपलं काय जातं?’ असं आपण सहज म्हणतो. जातं ना! ही मर्यादा माणशी नाही, सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. बापाच्या नावावर खोटा खर्च लागला, तर लेकीच्या खऱ्या ऑपरेशनला तेवढी रक्कम कमी उरते.

मग आपण करायचं काय? योजनेने रुग्णालयात आरोग्यमित्र बसवलाय. दाखल होताना आधी त्याला गाठायचं, कोणता उपचार मंजूर झाला ते विचारायचं. पैसे मागितले, तर लगेच चोर ठरवू नये. काही उपचार योजनेबाहेर असतात. पण पावती मागायचीच. कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही. डिस्चार्ज कार्ड घरी नेऊन शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यायचं. त्यात न झालेलं काही लिहिलेलं दिसलं, तर १५५३८८ वर तक्रार करायची.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख ठरली. रक्कम वाढली, तसा मोहही वाढणार. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदात कसं नाडलं जातं, हे फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलं होतं. त्यांच्या नावाच्या योजनेत तरी आपण न वाचता अंगठा देऊ नये.