घोडा उपाशी, मालक ऐंशीचा: दया दाखवायची की जबाबदार धरायचं?

चिखलात उभा असलेला हाडकुळा घोडा, वाढून पुढून वर वळलेले खूर, शेवाळलेली पाण्याची टाकी. ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या एखाद्या गावातून असा फोटो फेसबुकवर आला की कमेंट्समध्ये मालकाला तुरुंगात टाकायची मागणी सुरू होते. मग कुणीतरी सांगतं की मालक ऐंशीच्या घरातला आहे, एकटा राहतो, गुडघे गेलेत. लगेच सूर बदलतो: 'बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे लागू नका.' या सगळ्यात घोड्याच्या पुढ्यात गवत मात्र पडलेलं नसतं.

अशा प्रकरणांत नेमकं काय करायचं, हा प्रश्न तिथल्या प्राणी कल्याण संस्थांना आणि न्यायालयांना नेहमी पडतो. कायद्याने त्याचं बऱ्यापैकी व्यवहारी उत्तर शोधलंय. ते समजून घेण्याआधी हे होतं कसं ते पाहू.

घोडा म्हातारपणी का झेपत नाही?

घोडा सहज 25 ते 30 वर्षं जगतो. बासष्टाव्या वर्षी पाच वर्षांचा घोडा घेतला, तर घोडा पंचविशीत येईपर्यंत मालक 82 वर्षांचा होतो. म्हणजे दोघंही एकदमच म्हातारे होतात.

साधारण 450 किलोच्या घोड्याला रोज 7 ते 9 किलो वाळलेलं गवत लागतं. ते गवत गठ्ठ्यांमध्ये येतं आणि एकेक गठ्ठा 20 किलोच्या आसपास भरतो. हिवाळ्यात टाकीवरचा बर्फ फोडावा लागतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवून खूर कापून घ्यावे लागतात, वर्षातून एकदा तरी दात तपासावे लागतात. कंबर धरलेल्या माणसाच्या हातून यातलं काय आधी सुटेल? बहुतेकदा खूर सुटतात. नालबंदाला यायचं तर घोडा धरून आणायला माणूस लागतो, आणि खूर एक महिना पुढे ढकलला म्हणून लगेच काही बिघडत नाही. असे सात-आठ महिने गेले की घोडा लंगडायला लागतो.

म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजतात. तो गवत चावतो, पण अर्धवट चावलेले गोळे तोंडातून टाकून देतो. त्याला भिजवलेलं, मऊ खाणं लागतं. पूर्वीसारखंच गवत टाकत राहिलं तर भरल्या कुरणातही घोडा वाळत जातो आणि मालक प्रामाणिकपणे म्हणत असतो, 'मी त्याला रोज घालतो की!'

पण दिसत कसं नाही?

हे खरंच दिसत नाही. थंड प्रदेशातल्या घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात दाट केस येतात आणि त्याखाली बरगड्या झाकल्या जातात. 'कुशिंग्ज' या आजारात तर उन्हाळ्यातही केस झडत नाहीत. हात फिरवला तरच हाडं लागतात. ज्याला धड दिसत नाही आणि जो महिनोन्महिने कुंपणापलीकडूनच गवत टाकतोय, त्याला हे कळेलच असं नाही.

म्हणूनच तपासनीस नुसत्या नजरेवर विसंबत नाहीत. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणाऱ्या डॉन हेनेके यांनी 1983 मध्ये 1 ते 9 अशी मोजपट्टी मांडली. मान, खांदे, बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ अशा ठिकाणी हाताने चाचपून गुण द्यायचे. 5 म्हणजे ठीकठाक, 1 म्हणजे हाडांचा सापळा. न्यायालयातही हेच गुण चालतात, कारण 'फार वाईट दिसत होता' याला पुरावा म्हणून फारसा अर्थ नसतो. आणि 27 वर्षांचा बारीक घोडा म्हणजे दुर्लक्षच, असंही नाही. ते पशुवैद्यानेच सांगायचं. फोटो पाहून निकाल देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

सगळे दोषी सारखे नसतात

प्राण्यांच्या साठेबाजीवर संशोधन करणारे अमेरिकी पशुवैद्य गॅरी पॅट्रोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मालकांचे प्रकार सांगितलेत. एक, ओझ्याखाली दबलेला सांभाळकर्ता: आधी नीट चाललेलं असतं, मग आजारपण, जोडीदाराचा मृत्यू किंवा पैशांची चणचण येते आणि घडी विस्कटते. दुसरा, 'मीच यांना वाचवू शकतो' असं मानून प्राणी गोळा करत राहणारा. तिसरा, प्राण्यांचा निव्वळ वापर करणारा.

तिसऱ्या प्रकाराची आठवण ब्रिटनमध्ये अजून ताजी आहे. जानेवारी 2008 मध्ये अमरशॅमजवळच्या स्पिंडल्स फार्मवरून शंभराहून जास्त घोडे, पोनी आणि गाढवं सोडवण्यात आली. आवारात तीसहून अधिक मृतदेह होते. मालक घोड्यांचा व्यापारी होता. त्याला तुरुंगवास झाला. तिथे दयेचा प्रश्नच नव्हता. एकट्या वृद्धाची गोष्ट पहिल्या प्रकारातली असते. तो सांगितलं तर ऐकतो, मदत घेतो, निदान सुरुवातीला तरी. अडचण एवढीच की पहिल्या प्रकारातल्या घोड्याची भूक तिसऱ्या प्रकारातल्या घोड्याइतकीच असते.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 चा प्राणी कल्याण कायदा लागू आहे. त्यातलं कलम 4 अनावश्यक यातनांबद्दल आहे. आपल्या वागण्याने किंवा काही न करण्याने प्राण्याला त्रास होतोय हे मालकाला माहीत होतं, किंवा 'माहीत असायला हवं होतं', एवढं पुरेसं ठरतं. त्यामुळे 'मला दिसलंच नाही' ही सबब एका मर्यादेपलीकडे चालत नाही. दिसत नव्हतं, तर कुणाला तरी बोलावून दाखवायचं होतं. 2021 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली आहे.

पण त्याच कायद्यात कलम 9 आणि 10 आहेत. कलम 9 सांगतं की यातना होण्याची वाट न पाहता प्राण्याच्या गरजा भागवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. ते पाळलं जात नसेल तर कलम 10 नुसार अधिकारी सुधारणेची नोटीस देऊ शकतो: काय चुकतंय, काय करायचं, किती दिवसांत. मुदत संपेपर्यंत त्या मुद्द्यावर खटला भरता येत नाही आणि सुधारणा झाली तर विषय तिथेच मिटतो.

दया आणि जबाबदारी एकत्र बसतात ती इथे. नोटिशीबरोबर गवत आणणारा शेजारी, नालबंद, चारपैकी दोन घोडे घेऊन जाणारी संस्था अशी मदत जोडता येते. पण तारीख लिहिलेली असावी लागते. 'बघू, करतील ते' म्हणत सहा महिने जाऊ दिले, तर ती मालकावरची दया घोड्याच्या जिवावर उठते. शिवाय ही तारीख मालकाच्या सोयीने ठरत नाही, घोड्याच्या अवस्थेवरून ठरते. खुरांसाठी आठवडा-दोन आठवडे देता येतील. पाण्यासाठी एक दिवसही देता येणार नाही, आणि घोडा आडवा पडला असेल तर नोटिशीची वेळ निघून गेलेली असते.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने 2001 मध्ये वेगळी वाट धरली. पाळीव प्राण्यांच्या साठेबाजीची व्याख्या कायद्यात आणली आणि अशा दोषी मालकाची मानसिक तपासणी व उपचार न्यायालयाने करायला लावावेत, अशी तरतूद केली. घोडे तिथे पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत येतात.

घोडा काढून घेतला की संपलं?

नाही. उपाशी घोड्याला एकदम पोटभर चंदी घातली तर काही दिवसांत तो दगावू शकतो. रक्तातल्या क्षारांचं संतुलन बिघडतं. म्हणून लसूणघास थोडा थोडा, दिवसातून अनेकदा, असं आठवडाभर चालतं. कुंपणावरून पाव आणि गाजरं टाकणारे दयाळू लोक नकळत धोकाच वाढवतात.

त्यानंतरचा प्रश्न अवघड आहे. पंचवीस वर्षांचा लंगडा घोडा दत्तक घ्यायला कोण येणार? संस्थांचे तबेले आधीच भरलेले असतात. काही वेळा पशुवैद्य शांत मरणाचाच सल्ला देतात आणि तो ऐकून मालक कोसळतो, कारण सकाळी उठायला तेवढंच एक निमित्त उरलेलं असतं. हे कळणारा माणूस सोबत असेल तर एखादा घोडा, निरोगी आणि झेपेल असा, त्याच्याकडे ठेवण्याचा मार्गही निघतो.

आणि आपल्याकडे?

माथेरानमध्ये 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पर्यटक थांबले आणि घोडेवाल्यांपुढे चंदीचा प्रश्न उभा राहिला. संस्थांनी खाद्य पुरवलं. कमाई बंद पडली की आधी घोड्याचं पोट मारलं जातं, मालकाचं वय काहीही असो.

आपला कायदा मात्र 1960 चा आहे. प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा कलम 11 नुसार गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्या पैशांत फार तर वडापावाचे दोन-तीन नग येतील. बैलगाडा शर्यती आणि जलीकट्टूवरच्या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवायला सुचवलं होतं. कलम 11 मधला आकडा तोच राहिला.

याच कायद्यातल्या कलम 35 कडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दंडाधिकारी आजारी प्राण्याला उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठवू शकतात. तिथवर नेण्याचा, सांभाळण्याचा, उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा असतो. पण मालक गरीब आहे असं दिसलं, तर उपचाराचे पैसे माफ करण्याचा अधिकारही तिथेच लिहिलेला आहे. घोडा मात्र तेव्हाही उपचारालाच जातो.