मोटार पुसणारी ‘माती’

कणीक मळून झाली की परातीला लागलेले पीठ त्याच गोळ्याने टिपून घेतात. मोटारीच्या रंगावरील मळ काढणारा ‘क्ले बार’ बऱ्याच अंशी असेच काम करतो. याच जातीचा एक जुना पदार्थ तर खरोखरच पिठाचा होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक घरे कोळशाच्या भट्टीवर ऊबदार ठेवली जात. त्यामुळे भिंतींना चिकटवलेल्या कागदावर काजळी बसे. हा कागद धुता येत नसे. म्हणून पीठ, पाणी व मीठ यांचा मऊ गोळा त्यावरून फिरवीत. सिनसिनाटीची कुटॉल कंपनी १९३० च्या दशकात असा गोळा बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा मागे पडला, धुता येणारा विनाइलचा कागद आला आणि गोळ्याची गरज सरली. त्याला वाचवले ते के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेने. तिने तो मुलांच्या हाती दिला आणि १९५६ साली तो ‘प्ले-डो’ या नावाने खेळणे म्हणून बाजारात आला.

मोटारीचा प्रश्न काजळीहून चिवट आहे. रेल्वेचे रूळ आणि वाहनांचे ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, रंगात रुततात आणि गंजतात. साबणाने ते निघत नाहीत; पॉलिशने घासून काढावे तर रंगही झिजतो. जपानच्या तादाओ कादाते यांनी यावर मऊ, लवचीक ‘घर्षणदगड’ तयार केला. त्याला १९९५ व १९९८ साली अमेरिकन पेटंटे मिळाली. नाव ‘क्ले’ असले तरी मुख्य घटक माती नव्हे. चिकट बहुवारिकात बारीक घर्षक भुकटी मळलेली असते.

रंगावर आधी पाणी किंवा वंगणद्रव शिंपडतात. सपाट भागावरून गोळा सहज घसरतो. वर आलेला कण मात्र त्यात अडकून उपटला जातो. गोळा मळला की आतला स्वच्छ भाग वर येतो. तो जमिनीवर पडला तर टाकूनच द्यावा लागतो, कारण त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

वर्गात कणकेच्या गोळ्याने खडूची धूळ टिपून दाखवा आणि मुलांना विचारा : मळ गेला कुठे? तो नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. स्वच्छतेच्या बहुतेक साधनांचा इतिहास या एका वाक्यात सांगता येतो.