ऐकायला कमी येतंय? मग तोलाकडेही लक्ष द्या

घरातल्या आजोबांना हाक ऐकू येईना, टीव्हीचा आवाज वाढत चालला, की 'वय झालं' म्हणून विषय संपवला जातो. पुढे कधीतरी ते न्हाणीत पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. या दोन गोष्टींचा संबंध असेल, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

एक कान, दोन कामे

आतल्या कानात ऐकण्यासाठी शंखासारखी वेटोळी नळी असते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोके कुठे वळले, कुठे झुकले हे त्या टिपतात. दोन्हींचा निरोप मेंदूकडे नेणारी नसही एकच, म्हणजे आठवी. वयानुसार दोन्ही भाग झिजू शकतात. शिवाय कमी ऐकू येणाऱ्याला मागून येणारी गाडी कळत नाही, बोलणे समजून घेण्यातच लक्ष गुंतते आणि पावलाकडे दुर्लक्ष होते.

अमेरिकेत ४० ते ६९ वयोगटातील दोन हजारांवर लोकांच्या माहितीचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ डेसिबल श्रवणदोष असलेल्यांत वर्षभरात पडल्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. अर्थात, बहिरेपणामुळेच माणूस पडतो, असे यावरून सिद्ध होत नाही.

प्रत्येक चक्कर सारखी नाही

कुशीवर वळताना क्षणभर घर फिरल्यासारखे वाटते, ते बहुधा कानातले कॅल्शियमचे कण जागेवरून सुटल्याने. यात ऐकणे कमी होत नाही. डॉक्टर डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणतात. चक्करेसोबत ऐकू कमी येणे, कानात आवाज येणे असेल तर मात्र मेनियरसारख्या आजाराची तपासणी हवी.

काय करावे?

- साठीनंतर अधूनमधून कानाची तपासणी करावी. कधी नुसता मळ निघतो आणि काम भागते.
- श्रवणयंत्र लागल्यास नेमाने वापरावे. पण तोलाचे व्यायाम वेगळेच करावे लागतात.
- न्हाणीत धरायला दांडी, रात्री मंद दिवा, पायात न घसरणारी चप्पल असावी.
- सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. बीपीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनीही तोल जातो.
- २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्र मोफत मिळते.

अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चक्करेसोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर तो अर्धांगवायू असू शकतो. थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे.