वतनाची हलगी आणि फडाची उचल

यात्रेत हलगी कडाडली की सगळा गाव नाचतो. वाजवणाऱ्याच्या हातात किती पडले, हे मात्र कोणी विचारत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या आंबेडकरी तरुणांनी तरी हा प्रश्न विचारायलाच हवा.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः तिला आले होते. आपण दरवर्षी तिचं स्मरण करतो, पण तिच्यातला कामगारांचा प्रश्न विसरतो. वतन म्हणजे जातीने गळ्यात बांधलेलं काम. त्याला ना ठरलेले तास, ना ठरलेली मजुरी. महाराने सांगावे पोचवायचे, मांगाने लग्नासणाला हलगी वाजवायची. गावाची करमणूकसुद्धा बलुत्यावर आणि शिळ्या भाकरीवर भागवली जायची. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं.

पुढे कायद्याने वतनं गेली, पण फुकट राबवण्याची सवय गेली नाही. तमाशाच्या फडात ढोलकीवाले, सोंगाडे, नाचणाऱ्या मुली हंगामाआधी उचल घेतात. ती फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच फडात काढावा लागतो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या विठाबाई नारायणगावकरांची अखेरही हलाखीत झाली. मग ज्यांचं नावही कोणाला माहीत नाही, त्यांचं काय होत असेल?

मुंबईचे सिनेकामगार मात्र संघटित झाले. १९५६ मध्ये त्यांच्या संघटनांचा महासंघ उभा राहिला. १९८१ मध्ये संसदेने कायदा करून सिनेकामगाराशी लेखी करार करण्याचं बंधन घातलं. तो कायदा होता चित्रपटापुरता. येरमाळ्याच्या यात्रेत वाजवणारा त्यात कुठेच नव्हता.

आपल्यातले काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी ही कामं सोडायला सांगितलं, मग त्यांची युनियन कशाला? जातीने लादलेलं काम सोडायचंच. पण जो आपल्या मर्जीने कला करतो, तो कामगार आहे आणि त्याला कामगाराचे हक्क हवेत. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. १९४३ मध्ये मजूरमंत्री या नात्याने मालकांनी युनियनला मान्यता द्यावी असं विधेयक आणलं. कलावंताला यातून वगळायचं काय कारण?

संघटना नोंदवायची तर किमान सात सदस्य लागतात. सुरुवात वाजंत्री, बॅन्डवाले, ऑर्केस्ट्रातली पोरं, शूटिंगला नेली जाणारी गर्दी यांच्यापासून करता येईल. मागण्या साध्या आहेत: लेखी करार, ठरलेला मेहनताना, उचलीचा चोख हिशोब आणि बायांची सुरक्षितता.

तडवळ्यात महार आणि मांग एका मांडवाखाली बसले होते. आज बौद्ध, मातंग, कोल्हाटी कलावंत एका रजिस्टरवर सही करतील, तर ते त्या परिषदेचं खरं स्मरण ठरेल.

जय भीम!