द्राक्षवेलीचे दोन बहर

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या पदरी होता. दौलताबादेस आला तेव्हा त्याने किल्ला पाहिला, तेथील गवयांचा बाजार पाहिला आणि त्यांच्या जोडीला एक बारीकशी नोंद केली : या नगरात द्राक्षे व डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते. तुघलकाच्या लहरीपणाच्या कथा सांगण्याच्या भरात आपले इतिहासकार ही नोंद ओलांडून पुढे जातात. आम्हाला मात्र ती मोलाची वाटते. दख्खनच्या द्राक्षबागेचे सारे मर्म त्या 'दोनदा' या एका शब्दात आहे.

द्राक्ष हे मुळात थंड प्रदेशाचे लेकरू. समरकंद, काबूल, इराण या मुलखांत हिवाळा आला की वेल पाने टाकते, झोपी जाते आणि वसंतात डोळे फुटून फळास लागते. आग्र्यास बाबराने यमुनेच्या काठी बाग केली, तीत वेली लावल्या आणि त्यांना चांगली द्राक्षे धरल्याचे समाधान आपल्या आत्मचरित्रात नमूद केले. पण आग्र्यास थंडी कडाक्याची पडते; वेलीला तेथे निजायला सवड मिळते. दख्खनच्या पठारावर वेल निजतच नाही. ती बारमाही हिरवी राहते, आणि माळ्याने काही केले नाही तर नुसती वाढत सुटते. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत द्राक्षा, मृद्वीका ही नावे आहेत म्हणून त्या काळी घरोघरी परसात द्राक्षे लोंबत होती, असे कोणी समजू नये. वैद्याच्या खलात मनुका पडायला वेल दारी असावी लागत नाही. वायव्येकडचा व्यापारी पुरतो.

मग या न निजणाऱ्या वेलीला ऋतू कोणी दिला ? माळ्याच्या कात्रीने. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या करतात. पहिली एप्रिलच्या सुमारास : हीच खरड छाटणी. गेल्या बहराच्या काड्या एकदोन डोळे ठेवून खरडून काढतात. तिच्यातून नव्या काड्या येतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, उन्हाळ्याच्या लखलखीत प्रकाशात, पुढच्या घडांचे बीज गुप्तपणे तयार होते. दुसरी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. तिला गोडी छाटणी म्हणतात. तिने ते झाकलेले घड बाहेर पडतात आणि फेब्रुवारीपासून पुढे पिकतात. एप्रिलच्या फुटीलाही थोडेबहुत घड येतात. पण ते नेमके पावसात सापडतात, आंबट राहतात, सडतात. म्हणून आपले बागाईतदार तो बहर खुडून टाकतात. तमिळनाडूतील कंबमच्या खोऱ्यात मात्र वर्षाला एकाहून अधिक बहर आजही घेतात. इब्न बतूताची 'दोनदा' ही प्रवाशाची थाप नव्हे, असे आम्ही म्हणतो ते याचमुळे.

तसाच मासला आंब्याचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात, मुंबईतील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरते, असे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. वैद्याने घरच्या झाडाचा हिशेब ग्रंथात मांडावा, ही गोष्टच आम्हाला लोभस वाटते. पेरू, पपई, अननस, काजू ही मंडळीही पोर्तुगिजांच्या गलबतांतूनच आपल्याकडे आली आणि अशी रुळली की आपल्या आजीबाईंना ती परकी वाटेनात. द्राक्षाने मात्र इतकी सोयरीक कधी केली नाही. पेरू लावून विसरता येतो. वेल विसरली की रुसते.

नाशिककडच्या जुन्या बागांतून वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत. खुंट जिवंत, म्हणून कुजण्याचे भय नाही. पुढे मांडव आले, तारा आल्या. केवडा या रोगावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण आले, त्याची कथा मजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर हे निळे पाणी शिंपीत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले की त्याच वेली रोगातून वाचल्या. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. चोरांनी द्राक्षशेतीवर केलेला हा उपकार म्हणावा !

१९६० साली महाराष्ट्रात द्राक्ष बागाईतदारांचा संघ स्थापन झाला, बियांच्या भोकरीला मागे सारून बिनबियांची थॉम्पसन जात पसरली आणि १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभे राहिले. नाशिक-सांगलीची द्राक्षे आज समुद्रापार जातात. त्याचा अभिमान कोणाला नाही? पण याच काळात शहरांतले वाडे पडले, आड बुजले, परसावर इमारती चढल्या. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी वेल गेली आणि छाटणीची विद्या शेतावर गेली. आज ज्यांच्या घरापुढे हातभर मोकळी जमीन उरली आहे, त्यांची तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो : वेल छतापर्यंत गेली, पण घड नाही. खत वाढवून पाहतात, पाणी वाढवून पाहतात, शेवटी जातीला नावे ठेवतात.

दोष बहुधा आंब्याच्या सावलीचा असतो, नाही तर मायेचा. हिरवी काडी कापवत नाही. सावलीत डोळ्यांमध्ये घडाचे बीज धरत नाही, आणि न छाटलेल्या वेलीचा जोर शेंड्याकडे पळतो. वेल दिवसभर ऊन मिळेल अशा जागी हलवावी. चांगल्या पिकलेल्या काडीचे छाट लावले की नवी वेल होते. ऑक्टोबरात काडीवर किती डोळे राखावेत हे जातीवर अवलंबून आहे, ते ज्याची काडी आणली त्या बागाईतदारालाच विचारावे. एप्रिलमध्ये मात्र मन घट्ट करून, पालवी कितीही देखणी असली तरी, एकदोन डोळ्यांवरच कापावे.