कुलाबा किनाऱ्यावरील जहाजबुडी

मुंबई बंदराच्या मुखापासून रेवस-अलिबागेपर्यंतचा सागरप्रदेश, जलमग्न काळ्या खडकांमुळे आणि ज्येष्ठ-आषाढातील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे, नाखव्यांना नेहमीच धास्तीचा वाटत आला आहे. 1840 च्या जूनमध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ व ‘लॉर्ड कॅसलरे’ ही जहाजे कुलाब्याच्या टोकापाशी फुटली. पुढे खांदेरीवर (1867) व प्राँग्ज खडकावर (1875) दीपगृहे उभी राहिली, तरी संकट टळले नाही. 1927 च्या नोव्हेंबरातील तुफानात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या.

या साऱ्यांत भीषण ठरली ती ‘रामदास’. 17 जुलै 1947 रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, उतारूंनी खच्चून भरलेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात सापडली. लाटेच्या तडाख्याने ती कलली, भेदरलेले उतारू एका बाजूस धावले आणि अल्पावधीत ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे बंदर हाकेच्या अंतरावर असूनही कित्येक तास मुंबईस वार्ताच नव्हती.  बचावलेल्यांपैकी अनेकांना, जवळची मासळी समुद्रात टाकून, रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले. सरकारी यंत्रणा त्यानंतर हलली.