आजरा ते लाईट : 80 किलोमीटरचा इतिहास

आमच्या गल्लीतल्या तात्यांच्या मानेत गाठ आली. वय 78. तपासणीत लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. पहिली स्टेज, सावकाश वाढणारा प्रकार. डॉक्टर म्हणाले, "किमोची घाई नको, 12 दिवस लाईट देऊ." तात्यांनी एकच विचारलं, "कोल्हापूरला 12 खेपा? मग ऱ्हाऊ दे."

ह्या 'ऱ्हाऊ दे'नं मला मागचा इतिहास चाळायला लावला.

1895 साली राँटगेननं क्ष-किरण शोधले. काही वर्षांतच डॉक्टर अशा गाठींवर ते सोडू लागले. गाठ विरघळायची, पण पुन्हा यायची. त्यामुळं हा तात्पुरता इलाज असंच सगळे धरून चालले. टोरंटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि 1950 साली मांडलं, की आजार एक-दोन जागीच असताना नीट किरण दिले तर माणसं वर्षानुवर्षं जगतात. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. पुढं स्टॅनफर्डला डॉ. हेन्री कॅप्लान यांनी 1956 पासून नवं यंत्र वापरून तेच सिद्ध केलं.

आपल्याकडं मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियानं गेल्या. त्यांच्या आठवणीतून 28 फेब्रुवारी 1941 ला परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं. आमच्या वडिलांच्या पिढीला कॅन्सर म्हणजे परळच. आता लाईटची सोय कोल्हापूर-मिरजेत आहे. महात्मा फुले योजनेत किरणोपचार बसतात, 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे.

मग अडतं कुठं? आठवड्यातले पाच दिवस, जाऊन-येऊन 160 किलोमीटर. लाईट काही मिनिटांची, आणि दिवस जातो बाकावर. बरोबर येणाऱ्या पोराचा रोज बुडतो तो वेगळाच.

खेपांचा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे बरं का. 2014 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ह्याच प्रकारच्या आजारात 12 खेपा आणि 2 खेपा यांची तुलना झाली. 12 वाल्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. पण नुसता त्रास कमी करायचा असेल तर 2 खेपांचाही बऱ्याच जणांना उपयोग झाला. लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ. जोरात वाढणाऱ्या प्रकारात किमो लागतेच, तिथं नुसती लाईट पुरत नाही. म्हणून हा हिशोब घरी बसून नाही, डॉक्टरांसमोर करायचा. "किती खेपा?" हे विचारायला लाजू नका.

तात्यांची सोय भाचीकडं झाली, कोल्हापुरात. आज सातवी खेप झाली. पण ज्यांची भाची नाही त्यांचं काय? आपल्या तालुक्यातल्या पेशंटांसाठी कोल्हापुरात दोन खोल्या भाड्यानं घेता येतील का? पतसंस्था, तरुण मंडळं, मुंबईकर आजरेकर, बोला. वर्गणी आपण गणपतीला काढतोच की.